पांढरा शर्ट गुलाबी झाला!

समजा, तुम्ही सौदी अरेबियातल्या हुफूफ शहरात राहता. उद्या शाळा आहे. पण आईच्या नव्या लाल ओढणीचा रंग गेला आणि तुमचा पांढरा शर्ट गुलाबी झाला. अरे बापरे! आता काय करायचं?

शर्ट उन्हात वाळत घालू नका. हुफूफचं ऊन कडक असतं. कपडा वाळला की डाग काढणं अवघड होतं.

ओढणी आधी बाजूला काढा. मोठ्यांच्या मदतीने कोमट पाण्यात ऑक्सिजनवालं ब्लीच विरघळवा. सुती शर्ट त्यात काही तास भिजू द्या, मग धुवा. डाग राहिलाच, तर पुन्हा भिजवा.

सावधान! क्लोरीनच्या ब्लीचमध्ये व्हिनेगर कधीच मिसळू नका. विषारी वायू तयार होतो.

सांगा पाहू : नवी ओढणी पहिल्यांदा कशी धुवायला हवी होती?