जुने म्हणजे किती जुने?

पहाटे साडेपाचला अंकलखोपहून तात्यांचा फोन. "आरं, तुझं ते मशीन रातच्याला झोपलं हुतं का? मोटार गेली की पाण्यात!"

तात्या म्हणजे माझ्या मामांचे साडू. पलूस तालुक्यात नदीकाठच्या जॅकवेलवर आमचा सेन्सर बसवून घ्यायला पहिले तेच तयार झाले. कोयनेतून विसर्ग वाढला आणि कृष्णा चढू लागली, की काठावरच्या शेतकऱ्यांना मोबाइलवर संदेश जायचा, मोटारी वर काढा. त्या रात्री 43 जणांचे संदेश रांगेत अडकले. आणि ते का अडकले हे शोधायला सोडलेल्या आमच्याच एआय एजंटने ते पुसून टाकले.

साडेनऊच्या मीटिंगमध्ये पुण्याच्या सीनियरने निकाल देऊन टाकला. "टूलचं वर्णन तू नीट लिहिलं नाहीस." आणि लगेच, "एवढं तर एआयला कळायला हवं होतं." या दोन्हींपैकी नक्की चूक कोणाची, हे विचारायची सोय नव्हती. साताऱ्यात घरी बसून काम करणाऱ्याचा माइक अशा वेळी नेमका म्यूट असतो.

एजंटच्या संदेश पुसणाऱ्या टूलच्या वर्णनातली ती ओळ माझी होती, हे मान्य. 'जुने संदेश साफ करते.' चार शब्द.

दुपारी एजंटची त्या रात्रीची सगळी बडबड उघडून बसलो. 2:40 ला त्याला काम मिळालं. त्याने 2 वाजल्यापासूनच्या नोंदी मागितल्या, टूलने रिकामी यादी दिली. कारण टूल वेळ यूटीसीमध्ये धरतं, आणि यूटीसीचे 2 म्हणजे आपले सकाळचे साडेसात. ते अजून वाजायचेच होते! पण 'ही वेळ अजून आलेली नाही' एवढं सांगायचं सोडून टूलने मुकाट्याने रिकामं ताट पुढे केलं. एजंटने लिहिलं, नोंदींत दोष नाही, सेवा सुरळीत. मग त्याने रांग पाहिली. संदेशांवर वेळ होती 20:50. आपल्या घड्याळात 2:20, म्हणजे वीस मिनिटांपूर्वीची. त्याने ती रात्रीची आठ पन्नास धरली. जवळजवळ सहा तासांचे संदेश, म्हणजे जुनेच की! साफ करणारं टूल हाताशी होतं. केले साफ. खाली लिहिलं, "समस्या सुटली."

ते वाचून मला एजंटचा राग आला नाही. आमचा कोड न पाहिलेला, तात्यांना न ओळखणारा मी त्या जागी असतो तर दुसरं काय केलं असतं? नवा माणूस अडला तर शेजारच्या टेबलावर विचारतो. याला शेजारच नाही. टूलचं नाव, वर्णन, पॅरामीटरची नावं, बस. विकीवर आम्ही काय लिहून ठेवलंय ते त्याच्या गावीही नसतं.

मग परवानगी न विचारता पुसलंच कसं? एमसीपीमध्ये, म्हणजे एजंटला टूल जोडायच्या ठरलेल्या पद्धतीत, टूलला खुणा लावता येतात. त्यांतल्या दोन म्हणजे रीड-ओन्ली-हिंट आणि डिस्ट्रक्टिव्ह-हिंट. काहीच लावलं नाही, तर टूल मोडतोड करू शकतं असंच धरायचं असतं, आणि त्यावरून आमच्याकडे परवानगीची खिडकी उघडायची. ग्राहकाला दाखवताना ती खिडकी सारखी मध्ये येते म्हणून सीनियरने अकराच्या अकरा टूलना 'फक्त वाचतं' ही खूण चिकटवून दिली होती. पुसणाऱ्यालासुद्धा! मीटिंगमध्ये हा विषय निघाला नाही.

तेव्हा, अशी टूल लिहिणाऱ्यांनो, वेळेचा पट्टा वर्णनात तर लिहाच, पण पॅरामीटरच्या नावातही घाला. 'पासून' नको, 'पासून_यूटीसी' हवं. उत्तरातल्या प्रत्येक वेळेपुढेही पट्टा लागला पाहिजे. रिकाम्या यादीबरोबर कारण द्या. नोंदी नाहीत, मागितलेली वेळ चुकली आणि सेन्सरच बंद आहे, या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्या शंभरच ओळी देत असाल तर बाकीच्या कापल्या हे सांगा, नाहीतर एजंट तेवढ्यालाच सगळं समजतो. एकक लिहा. सांगलीत पाणी फुटांत बोलतात, आयर्विन पुलाजवळ 40 ला इशारा, 45 ला धोका. आमचा सेन्सर मीटरमध्ये बोलतो, आणि वर्णनात होतं नुसतं 'पातळी'. ही चूक अजून कोणाला भोवली नाही, एवढंच.

टूल वापरल्यावर काय बिघडू शकतं, तेही लिहा. चालू प्रोग्रामला जीडीबी हा डीबगर जोडला की प्रोग्राम जागच्या जागी थांबतो. आपल्याला हे इतकं अंगवळणी पडलेलं असतं की लिहायचं सुचत नाही. सोपी भाषा ठेवा, उदाहरणं द्या, हे सगळेच सांगतात. द्याही.

आणि वर्णन लिहून झालं की कोड न पाहिलेल्या माणसाला वाचायला द्या. मी उशिरा दिलं. धाकटी बहीण कराडला बँकेत आहे. तिने ती ओळ वाचली आणि पहिलाच प्रश्न केला, "दादा, जुने म्हणजे किती जुने?" सहा महिन्यांत आमच्या टीममधल्या एकानेही हे विचारलं नव्हतं. मीही नाही.

आता त्या ओळीत '24 तासांहून जुने, न पाठवलेले संदेश कायमचे पुसते. परत मिळत नाहीत. पूर इशाऱ्याच्या रांगेवर वापरू नये' असं आहे. तात्यांच्या मोटारीचं वाइंडिंग माझ्या पैशांतून झालं.

या वर्णनांसाठी दोन दिवस मागणारा माझा ईमेल 12 जूनचा आहे, त्या रात्रीच्या कितीतरी आधीचा. त्याला अजून उत्तर आलेलं नाही.