दुर्बिणीचं ऑपरेशन झालं, आता पाय हलवा

पित्ताशयातल्या खड्यांसाठी दुर्बिणीतून ऑपरेशन झालं, पोटावर तीन-चार बारीक छेद, दुसऱ्या दिवशी घरी. मग रक्ताच्या गुठळीची धास्ती कशाला, असं बहुतेकांना वाटतं. त्यात तथ्य आहेच. शंभरात एकालाही सहसा हा त्रास होत नाही. पण गुठळी छेदाची लांबी पाहून होत नाही. पायांतलं रक्त रेंगाळलं की होते. दुर्बिणीसाठी पोटात कार्बन डायऑक्साइड भरतात, त्याचा दाब पोटातल्या मोठ्या शिरेवर येतो. टेबलाची डोक्याकडची बाजू उचललेली आणि भुलीमुळे पोटऱ्या निपचित, त्यामुळे रक्त वर चढतच नाही धड. वायू शेवटी काढून टाकतात, पण रक्ताची गोठण्याची प्रवृत्ती पुढे काही आठवडे वाढलेली राहते. ब्रिटनमधल्या सुमारे साडेनऊ लाख मध्यमवयीन स्त्रियांच्या 2009 च्या अभ्यासात, सर्व प्रकारच्या शस्त्रक्रिया धरून, हा धोका तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास सर्वाधिक दिसला. म्हणजे रुग्ण घरी असताना! आणि घरी तर आपण त्याला ताटापासून मोबाइलपर्यंत सगळं पलंगावर देतो. टाके तुटतील ही भीती जड उचलण्याबाबत ठीक, चालण्याबाबत नाही. ऑपरेशनच्या संध्याकाळीच, डॉक्टरांना विचारून, आधाराने उठा. संडासला जाऊन आलो, हे चालणं नव्हे. दिवसभरात पुन्हापुन्हा घरात फेऱ्या हव्यात.

मग सगळ्यांनाच रक्त पातळ करणारं इंजेक्शन का देत नाहीत? कारण त्याने रक्तस्राव होऊ शकतो, आणि धोका मुळात कमी असलेल्या माणसाला फायद्यापेक्षा तोटाच व्हायचा. ते निवडून द्यावं लागतं: आधी गुठळी झालेल्यांना, कॅन्सर असलेल्यांना, वय व वजन जास्त असलेल्या काहींना. ही निवड तुम्ही सांगितलेल्या माहितीवर चालते, आणि नेमकी एक गोष्ट सांगायची राहते. गणपतीत किंवा घरच्या पूजेसाठी पाळी पुढे ढकलायला घेतलेल्या गोळ्या कुणी ‘औषध’ म्हणून मोजतच नाही. त्यांनी आणि गर्भनिरोधक गोळ्यांनीही गुठळीचा धोका वाढू शकतो, तेव्हा सर्जनना आधीच सांगा.

ऑपरेशननंतर दोन-तीन दिवस खांदा दुखतो तो बहुधा वायूमुळे, घाबरू नका. मात्र एकच पोटरी सुजली, दुखू लागली तर तेल लावून चोळू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवून डॉपलर सोनोग्राफी करून घ्या. अचानक दम लागला, छातीत कळ आली किंवा खोकल्यातून रक्त पडलं, तर सकाळ होण्याची वाट न पाहता 108 ला फोन करा.