साखर पानात तयार होते, कांडीत उतरवतो पालाश

कार्तिक सरता सरता शिरूर-दौंडच्या ऊस पट्ट्यात पोटॅशची, म्हणजे पालाशाच्या खताची, तीन कामं एकदम अंगावर येतात: आडसालीची मोठी बांधणी, पूर्वहंगामी लागणीचा पायाभूत डोस आणि तुटून गेलेल्या उसाचा खोडवा. युरियाची गोणी हमखास उचलली जाते, पोटॅशची दुकानात राहते. युरियाने उसाला काळोखी येते, ती बांधावरून दिसते. पोटॅशचं काम डोळ्यांना दिसत नाही, म्हणून ते पुढे ढकललं जातं.

ते काम एकदा नीट समजून घ्या. साखर तयार होते हिरव्या पानात आणि शिरांमधल्या बारीक रसवाहिन्यांतून ती खाली कांडीत उतरते. वाहिन्यांत साखर भरायला ऊर्जा खर्च होते आणि ही भरणी पालाशाशिवाय नीट चालत नाही. साखर आत शिरली की तिच्यामागे पाणी ओढलं जातं, दाब वाढतो आणि रस कांडीकडे वाहू लागतो. पालाश कमी पडला की साखर पानातच तुंबते. हवाईमध्ये कॉन्स्टन्स हार्ट यांनी किरणोत्सारी कार्बन वापरून उसावरच हे तपासलं आणि 1969 मध्ये प्रसिद्ध केलं. पालाशाची उणीव असताना पानाचं अन्न तयार करण्याचं काम मंदावण्याआधीच साखरेची वाहतूक मंदावते. म्हणजे पान हिरवंगार असतानाच नुकसान सुरू झालेलं असतं.

ऊस जुन्या पानांतला पालाश काढून नव्यांना देतो, म्हणून खालची पानं पाहा. ती टोकाकडून आणि कडांनी पिवळी पडून करपतात, मधल्या शिरेवर वरच्या बाजूने लालसर झाक येते. ही खूण दिसेपर्यंत मात्र थांबू नका.

राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाची शिफारस आडसाली आणि पूर्वहंगामीला हेक्टरी 170 किलो पालाशाची आहे, म्हणजे एकरी 68 किलो. निम्मा लागणीला, निम्मा मोठ्या बांधणीला. म्युरेट ऑफ पोटॅशमध्ये 60 टक्के पालाश असतो, तेव्हा बांधणीला एकरी साधारण 57 किलो म्युरेट लागतं. हा हप्ता चुकवू नका. बांधणी झाली आणि ऊस दाटला की खत मुळाशी गाडता येत नाही; ठिबक असेल तरच त्यातून 0:0:50 हे विद्राव्य खत देऊन भरपाई करता येते.

काळ्या रानात पालाश भरपूरच असतो, असं भीमा आणि घोडकाठी सर्रास ऐकू येतं. पण उसावर ऊस आणि वर दोन-तीन खोडवे घेतलेल्या रानात ते गृहीत धरू नका, माती तपासून मात्रा कमी-जास्त करा. दुप्पट टाकूनही फायदा नाही. रसात पालाश फार झाला की साखरेचे दाणे नीट धरत नाहीत, मळी वाढते.

एफआरपी कारखान्याच्या सरासरी उताऱ्यावर ठरते, मग माझ्या उसाच्या गोडीचं मला काय, असं वाटू शकतं. पण साखर उतरली तरच कांडी भरते, जाड होते आणि वजन देते. राहू-केडगाव पट्ट्यात जो स्वतःच्या उसाचा गूळ पाडतो, त्याला तर ही गोडी काहिलीतच कळते.

खोडव्याला एकरी 46 किलो पालाश. निम्मा तोडणीनंतर पंधरा दिवसांत, नत्र-स्फुरदासोबत पहारीने द्या: बेटापासून वीतभर अंतरावर, चार-सहा इंच खोल छिद्र, दोन छिद्रांत फूटभर अंतर. खत पडलं की छिद्र बुजवा. उरलेला निम्मा साडेचार महिन्यांनी, सरीच्या दुसऱ्या बाजूला. आणि पाचट पेटवू नका. एकरी तीन-चार टन पाचटात पालाशच वीस ते चाळीस किलो असतो. बुडखे जमिनीलगत छाटून घ्या, पाचट सरीत दाबा, वर युरिया, सुपर फॉस्फेट आणि पाचट कुजवणारं जिवाणू खत टाका.

कालव्याच्या आणि नदीच्या पाण्याने ज्यांची रानं खारवली आहेत, त्यांनी म्युरेटऐवजी सल्फेट ऑफ पोटॅश घ्यावं. म्युरेटबरोबर क्लोराईडही जमिनीत जातं आणि खारट रानातला गूळ आधीच ओलसर, खारट उतरतो. किंमत जास्त आहे, पण तेवढ्या खारवट पट्ट्यापुरतीच गोणी लागते. बाकी रानाला म्युरेट चालेल.