कसबाचा दाखला

जुन्या काळी खानदेशातील खेड्यात सुताराला आपल्या कसबाचा दाखला कोणापुढे ठेवावा लागत नसे. वखर, तिफण, बैलगाडीचे चाक ही त्याची कामे साऱ्या गावाच्या डोळ्यांसमोर असत. ऐन पेरणीत तिफण मोडली, तर ती वार्ता सायंकाळच्या आत पारावर पोहोचे. आणि ज्याने घडविलेले चाक दहा उन्हाळे टिके, त्याचे नाव आजूबाजूच्या चार गावांत आदराने घेतले जाई. कारागीर आणि त्याचे गिऱ्हाईक यांची ओळख पिढ्यान् पिढ्यांची होती. तथापि या व्यवस्थेत एक मोठी उणीव होती. सुताराचा मुलगा सुतार होई आणि लोहाराचा लोहार. शेतमजुराच्या मुलाला रंधा चालविण्याची कितीही हौस असली, तरी त्याला शिकविणार कोण? मुलींचा तर कोणी विचारही करीत नसे.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लोहमार्ग आला आणि भुसावळ हे मोठे जंक्शन झाले. पुढे जळगाव, अमळनेर, धुळे येथे कापडाच्या गिरण्या निघाल्या. रेल्वेच्या कारखान्यातील मुकादम पारोळ्याहून किंवा साक्रीहून आलेल्या तरुणाला ओळखत नव्हता. त्याच्या वडिलांनाही नाही. अनोळखी माणसाच्या हाती यंत्र सोपवायचे, तर त्याच्या हाताची खात्री कोणीतरी द्यावयास हवी. कसबाच्या प्रमाणपत्राची गरज उत्पन्न झाली ती येथे. ते प्रमाणपत्र एका परक्याने दुसऱ्या परक्याला दिलेला शब्द असतो.

असे शिक्षण देण्याचा एक उल्लेखनीय उपक्रम बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी 1890 साली केला. त्यांच्या आश्रयाखाली त्रिभुवनदास गज्जर यांनी ‘कलाभवन’ उभारले. तेथे रंगकाम, विणकाम, सुतारकाम, चित्रकला यांसारखे विषय शिकविले जात. भारतीय चित्रपटाचे जनक दादासाहेब फाळके हे याच कलाभवनाचे विद्यार्थी होत. अमेरिकेत पुढे 1901 साली जोलिएट येथे एक कनिष्ठ महाविद्यालय निघाले. त्याच्याच वळणावर तेथे सामुदायिक महाविद्यालये वाढली आणि घराजवळ, थोड्या खर्चात, काही महिन्यांत वा वर्षा-दोन वर्षांत एखादा व्यवसाय शिकविण्याची प्रथा रूढ झाली. आपल्या देशात हे काम मुख्यत्वे औद्योगिक प्रशिक्षण संस्थांनी केले. केंद्र सरकारची कारागीर प्रशिक्षण योजना 1950 साली सुरू झाली, आणि आज ‘आयटीआय’ हे नाव सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांतही सर्वांच्या तोंडी आहे.

या संस्थांतील शिक्षण कसे चालते, हे जोडाऱ्याच्या, म्हणजे फिटरच्या वर्गात पाहावे. प्रवेश घेतलेल्या मुलाला वाटते, की आता मोठमोठी यंत्रे हाताळावयास मिळणार. परंतु त्याच्या हाती येते ती एक साधी कानस आणि लोखंडाचा एक ठोकळा. ठोकळा वाइसच्या जबड्यात घट्ट धरावयाचा आणि त्याचा पृष्ठभाग सपाट करावयाचा, एवढेच काम. कानस पुढे जाताना कापते. म्हणून जोर पुढे जाताना द्यावा, मागे आणताना हात सैल सोडावा. हे ऐकावयास सोपे आहे. प्रत्यक्षात नवशिक्याचा हात पुढे जाता जाता खाली कलतो आणि ठोकळा कडांना झिजून मध्ये फुगतो. मग त्यावर गुण्या ठेवून तो उजेडाकडे धरतात. गुण्या आणि धातू यांच्या फटीतून प्रकाशाची रेघ दिसली, की पुन्हा कानस! पुढे व्हर्नियर नावाचे मोजमापाचे साधन हाती येते. त्याने मिलिमीटरचा पन्नासावा भाग मोजता येतो. असे दिवसामागून दिवस गेले म्हणजे खांदा, मनगट आणि डोळा यांचा मेळ बसतो. पुस्तक वाचून हा मेळ साधत नाही. म्हणूनच या संस्थांत शिक्षणाचा बहुतेक वेळ कार्यशाळेत जातो.

फिटर, इलेक्ट्रिशियन, वायरमन हे व्यवसाय दोन वर्षांचे असतात. वेल्डर, प्लंबर, डिझेल मेकॅनिक यांना एक वर्ष पुरते. काही व्यवसायांना आठवी उत्तीर्ण विद्यार्थीही चालतो. त्याहून लहान अभ्यासक्रमही आहेत. ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था बँकांच्या साह्याने चालतात. तेथे सिवणकाम, दुग्धव्यवसाय, मोबाइल दुरुस्ती असे विषय काही दिवसांत वा आठवड्यांत विनामूल्य शिकवितात, आणि शिकून गेलेल्या माणसाचा व्यवसाय मार्गी लागावा म्हणून पुढेही त्याची विचारपूस ठेवितात. ही कल्पना 1982 साली कर्नाटकातील उजिरे या गावी प्रथम आकारास आली.

काळ पालटतो तशी कसबेही पालटतात. जळगावच्या केळीबागांत पूर्वी पाटाने पाणी देत. आता ठिबक सिंचनाच्या नळ्या जमिनीवर पसरल्या आहेत, आणि गाळणी तुंबली किंवा दाब कमी झाला, तर तो दोष ओळखणारा माणूस लागतो. धुळे शहरापाशी मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन महामार्ग एकमेकांस मिळतात. तेथे डिझेल मेकॅनिकला काम शोधत हिंडावे लागत नाही. साक्री तालुक्यात शिवाजीनगर येथे 2013 साली 125 मेगावॉटचा सौर विद्युत प्रकल्प उभा राहिला. आज तर शेतोशेती सौर पंप दिसतात. या कामासाठी केंद्र सरकारने 2015 साली ‘सूर्यमित्र’ नावाचे 600 तासांचे, म्हणजे सुमारे तीन महिन्यांचे शिक्षण सुरू केले.

तीन महिन्यांत काय येणार, असे कोणी म्हणेल. ही शंका अगदीच निराधार नाही. घरातील दिव्याचे बटण बंद केले, की दिवा विझतो. सौर पट्टीचे तसे नाही. पट्टीवर ऊन आहे तोवर तिच्या तारांत दाब असतोच, आणि अशा अनेक पट्ट्या एकीपुढे एक जोडल्या म्हणजे तो दाब प्राणघातक होतो. ज्याला हे ठाऊक नाही, किंवा ज्याने जमिनीत वीज उतरविणारी अर्थिंगची तार नीट जोडली नाही, तो स्वतःच्या जिवाबरोबर शेतकऱ्याचाही जीव धोक्यात घालतो. यास्तव अभ्यासक्रम लहान असला तरी चालेल, पण त्याची परीक्षा लहान असून चालणार नाही. सोनेरी अक्षरांत छापलेली, पैसे मोजताच हाती पडणारी प्रमाणपत्रेही बाजारात मिळतात. त्यांचा कागद बहुधा अधिक जाड असतो! म्हणून प्रवेश घेण्यापूर्वी विद्यार्थ्याने आणि पालकांनी एक प्रश्न अवश्य विचारावा: शिकविणारा आणि पारखणारा एकच आहे काय? राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्राची परीक्षा साऱ्या देशासाठी असते, तिचे वजन यामुळेच आहे.

वर्गात शिकलेले कारखान्याच्या गडबडीत पक्के होते. 1961 च्या शिकाऊ उमेदवार कायद्यान्वये कारखान्यांनी उमेदवार घ्यावेत आणि त्यांना विद्यावेतन द्यावे, असे ठरले आहे. ज्याच्या घरी कोरडवाहू कापसाचे चार एकर आहेत आणि पावसाचा भरवसा नाही, त्या घराला मुलगा शिकत असतानाच मिळणारे ते थोडे पैसे फार मोलाचे वाटतात.

असे असूनही मुलगा आयटीआयला जातो, हे सांगताना काही घरांत आवाज खाली येतो. ज्यांना अन्यत्र जागा मिळाली नाही त्यांची ही शाळा, असा समज आहे. तो समज चुकीचा तर आहेच, शिवाय तो घातक आहे. कारण त्यापायी कित्येक तरुण नको असलेल्या पदवीच्या मागे तीन वर्षे घालवितात. दहावीनंतर दोन वर्षांचा व्यवसाय पुरा केलेल्यास तंत्रनिकेतनाच्या पदविकेच्या दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो. मार्ग तेथे संपत नाही. ज्यांना घर व शेत सोडता येत नाही, त्यांच्यासाठी 1989 साली नाशिक येथे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले. जळगावच्या विद्यापीठाला 2018 साली कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव देण्यात आले. असोद्याच्या या लेकीला अक्षरओळख नव्हती, कोणतेही प्रमाणपत्र नव्हते; तिचे नाव आज सहस्रावधी पदव्यांवर छापले जाते, हा योगायोग विचार करण्याजोगा आहे.

वेल्डरचे काम पारखण्याची एक रीत आहे. विद्यार्थी लोखंडाच्या दोन पट्ट्या वितळत्या धातूने जोडतो. सांधा वरून गुळगुळीत आणि सुरेख दिसतो. पण परीक्षक दिसण्यावर जात नाही. तो जोडाचा एक तुकडा कापून घेतो, दाबयंत्रात धरतो आणि सांध्याच्या जागीच वाकवितो. आत पोकळी राहिली असेल, धातू मुळापर्यंत पोहोचला नसेल, तर वाकताना सांधा तडकतो. विद्यार्थी बाजूला उभा राहून पाहत असतो. तुकडा इंग्रजी ‘यू’ अक्षराप्रमाणे वाकला आणि सांध्यावर चीर उमटली नाही, म्हणजे परीक्षक त्याच्या नावापुढे खूण करतो आणि पुढचा तुकडा हाती घेतो.