विडी टाकलेल्या बंधूस धीर

एका खेड्यातील उपदेशकांनी आम्हांस असे विचारिले आहे : “आमच्या मंडळीतील एका गृहस्थाने वीस वर्षांची विडी टाकली, त्यास आज चार दिवस झाले. तो घरात कोणाशी धड बोलत नाही, रात्री झोपत नाही, मुलांवर डाफरतो. आता त्याची बायकोच म्हणू लागली आहे की, अशा वागण्यापेक्षा ओढलेली बरी. त्यास काय सांगावे?” हा प्रश्न एकाच घरचा नव्हे. विडी टाकण्याचा उपदेश पुष्कळ होतो, परंतु टाकल्यावर काय करावे हे सांगणारा क्वचितच भेटतो. यास्तव आजचा धडा त्याविषयीच आहे. ज्या बंधूने नुकतीच विडी टाकली आहे, त्यास हा शेजारी बसवून वाचून दाखवावा.

१. शरीरात काय चालले आहे?

तंबाखूत निकोटिन नावाचे द्रव्य असते. धूर आत ओढताच ते फुप्फुसांतून रक्तात जाते आणि दहा-वीस सेकंदांत मेंदूस पोहोचते. वर्षानुवर्षे दिवसातून पंधरा-वीस वेळा असे झाले म्हणजे मेंदू त्याची वाट पाहू लागतो. विडी लहान दिसते म्हणून ती सौम्य आहे, असे कोणी समजू नये. तिचे पान नीट पेटत राहत नाही. म्हणून ती विझू नये यासाठी वरचेवर व जोराने झुरके मारावे लागतात, आणि विष सिगारेटीपेक्षा कमी मिळत नाही.

विडी थांबली म्हणजे काही तासांतच मेंदू आपली मागणी मांडू लागतो. चिडचीड, उदासपणा, झोप न लागणे, कामात चित्त न राहणे, भूक वाढणे, शौचास साफ न होणे, ही त्या मागणीचीच निरनिराळी रूपे होत. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्यांचा जोर सर्वांत अधिक असतो. पुढे तो उतरत जातो, आणि बहुतेकांस दोन ते चार आठवड्यांत पुष्कळ आराम पडतो. म्हणजे चौथ्या दिवशीचा मनुष्य घाटाची उभी चढण चढून वर आलेला असतो. अशा वेळी “पुन्हा ओढ” असे म्हणणे म्हणजे त्यास पायथ्याशी परत लोटणे होय. कारण पुढे कधी सोडू म्हटल्यास हेच चार दिवस त्यास पुन्हा सोसावे लागतील.

त्या भगिनीस आमचे सांगणे असे की, बाई, हा तुमच्या नवऱ्याचा स्वभाव नव्हे. हे विष उतरत आहे. ताप उतरताना रोगी बडबडला तर आपण त्याच्याशी भांडत नाही, तसेच हे थोडे दिवस समजावे.

२. तलफ आली म्हणजे

तलफ ही पावसाच्या सरीसारखी असते. ती येते, काही मिनिटे झोडपते आणि निघून जाते. तितकी मिनिटे काढणे एवढेच काम असते. जन्मभराचा विचार त्या घटकेस करू नये. घोटघोट पाणी प्यावे, सावकाश खोल श्वास घ्यावा, बसल्या जागेवरून उठावे, हातास काही काम लावावे. तोंडास सवय झाली असते म्हणून फुटाणे किंवा बडीशेप खिशात ठेवावी. काडेपेटी मात्र खिशात नसावी.

तलफ बहुधा ठराविक जागी व ठराविक वेळी येते : सकाळी शौचास जाण्यापूर्वी, जेवण झाल्यावर, बांधावर विसाव्यास बसल्यावर, पारावर चारजण जमल्यावर. पहिले काही आठवडे ती वाट बदलावी. जेवण होताच उठून गोठ्यात जावे. पानपट्टीसमोरचा रस्ता सोडून दुसऱ्या रस्त्याने घरी यावे. सोबत्यांस स्पष्ट सांगावे की, मला देऊ नका.

चहाविषयीही सांगणे अवश्य आहे. ओढणाऱ्याच्या शरीरात चहातील कॅफिन लवकर जिरते. विडी थांबली की ते रक्तात अधिक वेळ राहते; त्यामुळे पूर्वीइतकाच चहा आता छातीत धडधड करतो व झोप उडवितो. म्हणून चहा निम्म्यावर आणावा, आणि संध्याकाळनंतर घेऊ नये.

३. ‘एकच’ आणि ‘दुसरे काही’

पहिल्या महिन्यात दोन विचार फसवितात. एक असा की, दिवसाला एकच ओढली तर काय बिघडते? सिगारेटीसंबंधीच्या पुष्कळ अभ्यासांचा एकत्र विचार करून २०१८ साली असे प्रसिद्ध झाले की, दिवसाला एक ओढणाऱ्यास हृदयविकाराचा जो वाढीव धोका असतो, तो वीस ओढणाऱ्याच्या धोक्याच्या जवळजवळ निम्मा असतो, विसावा हिस्सा नव्हे. शिवाय एकीने मेंदूची जुनी मागणी जागी होते.

दुसरा विचार असा की, विडीऐवजी तंबाखू-चुना मळावा किंवा मिश्री लावावी. हे चोरास पुढल्या दारातून घालवून मागल्या दाराने आत घेण्यासारखे आहे. तेच निकोटिन, आणि वर तोंडाचा कर्करोग.

४. पाय घसरला तर

पुष्कळांस पहिल्याच प्रयत्नात यश येत नाही. कित्येक जण अनेकदा सोडून मग कायमचे सुटले आहेत. एखाद्या लग्नात किंवा दुःखाच्या दिवशी एक विडी ओढली गेली, तर “आता सर्वच गेले” असे म्हणून बंडल विकत घेऊ नये. कोठे, कोणाबरोबर, कशामुळे घडले ते पाहावे, आणि त्याच घटकेपासून पुन्हा थांबावे. चालणारा ठेचाळला म्हणून तो घरापासून पुन्हा निघत नाही. तेथूनच पुढे चालतो.

५. काय मिळते?

शेवटची विडी विझल्यावर वीस मिनिटांत नाडीचा वेग उतरू लागतो. पहिल्या एक-दोन दिवसांत रक्तातील कार्बन मोनॉक्साइड नावाचा विषारी वायू निघून जातो. एका वर्षाने हृदयविकाराचा वाढीव धोका सुमारे निम्मा होतो. धूम्रपानाने क्षयाचाही धोका वाढतो. तोही कमी होऊ लागतो.

“आता माझे वय झाले, आता सोडून काय?” असे म्हणणाऱ्यांनी पुढील गोष्ट ऐकावी. इंग्लंडात रिचर्ड डॉल व ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनी १९५१ साली सुमारे ३४,००० पुरुष डॉक्टरांच्या धूम्रपानाची नोंद घेण्यास आरंभ केला. पन्नास वर्षांचा हिशेब २००४ साली छापला गेला. त्यात असे दिसले की, साठाव्या वर्षी सोडणाऱ्यास सुमारे ३ वर्षे, पन्नासाव्या वर्षी ६, चाळिसाव्या वर्षी ९ आणि तिसाव्या वर्षी सोडणाऱ्यास सुमारे १० वर्षे आयुष्य अधिक मिळते. तीन वर्षे म्हणजे थोडे नव्हे. तेवढ्यात नातवंड चालू-बोलू लागते.

खोकल्याविषयी एक सूचना. सोडल्यावर काही दिवस खोकला व कफ अधिक वाटू शकतो. परंतु खोकला दोन आठवड्यांहून अधिक टिकला, किंवा थुंकीत रक्त दिसले, तर तो विडीचाच आहे असे न मानता प्राथमिक आरोग्य केंद्रात थुंकी तपासून घ्यावी.

६. मदत घेण्यात कमीपणा नाही

ज्यास एकट्याने जमत नाही, त्याने डॉक्टरांस विचारावे. निकोटिनचे च्युइंगम मिळते. ते सतत चघळावयाचे नसते. चव तिखट लागू लागली की गाल व हिरडी यांमध्ये दाबून ठेवावे, आणि चुणचुण थांबली की पुन्हा थोडे चावावे. सरकारने २०१६ साली तंबाखू सोडणाऱ्यांसाठी दूरध्वनीची सोय केली. तिचा क्रमांक १८००-११-२३५६ असून त्यास पैसे पडत नाहीत.

७. उपदेशकांस दोन शब्द

ज्याने मंडळीपुढे विडी सोडल्याचे सांगितले, तो घसरला तर लाजेने सभेस येईनासा होतो. मग विडी राहतेच, आणि सोबतही तुटते. म्हणून त्यास चारचौघांत विचारू नये, आणि त्याच्या तोंडाचा वास घेत फिरू नये. पहिल्या आठवड्यात रोज संध्याकाळी त्याच्या दारी जावे, थोडे बोलावे, बरोबर फेरी मारावी. ज्याने पूर्वी सोडली आहे असा एखादा वडीलधारा गावात असल्यास त्यास बरोबर न्यावे. त्याच्या एका शब्दाचे वजन आमच्या दहा शब्दांहून अधिक पडेल.

विचार करण्यासाठी प्रश्न

१. तलफ किती वेळ टिकते, आणि तेवढ्या वेळात आपल्या गावी काय करता येईल?
२. विडी सोडून मिश्री धरणे ही सुटका का नव्हे?
३. आपल्या घरी कोणी सोडीत असल्यास पहिले चार दिवस घरच्यांनी कसे वागावे?
४. बंडल व काडेपेटी यांवर महिन्यास किती खर्च होत होता? तो हिशेब मांडून, त्या पैशांतून घरात प्रथम काय आणावे, हे बायकोस विचारून ठरवा.