स्नायूंचं बालपण

मित्रांनो, मेकॅनिकलच्या मुलाने बायोकेमिस्ट्रीवर का लिहावं? कारण मागच्या दिवाळीत माझ्या सहा वर्षांच्या मावसभावाचा ब्लड रिपोर्ट आला. सीके हजारोंमध्ये, आणि सीके-एमबीसुद्धा वाढलेलं. कुणीतरी म्हणालं, एमबी म्हणजे हार्ट अटॅक. मावशी रडायलाच लागली. डॉक्टरांनी हृदय तपासलं, ते ठीक होतं. मग एमबी आलं कुठून? सुट्टीभर मी तेच वाचत बसलो.

सीके म्हणजे क्रिएटिन कायनेज. हे एन्झाइम (मराठी मीडियमवाले याला विकर म्हणतात) स्नायूचा इन्व्हर्टर चालवतं. जोर लावताना एटीपी खर्च झाला, की क्रिएटिन फॉस्फेटमधला फॉस्फेट काढून लगेच नवा एटीपी तयार. सीके दोन तुकड्यांचं असतं. तुकडे दोन प्रकारचे, मसलचा एम आणि ब्रेनचा बी. त्यामुळे जोड्या तीन: बीबी, एमबी, एमएम.

गंमत पुढेच आहे. गर्भातल्या कोवळ्या स्नायूत आधी बीबी असतं. पेशी एकमेकींना जुळून धागे बनू लागले की एम वाढतो, मधल्या काळात एमबी दिसतं, आणि मोठ्या स्नायूत जवळजवळ सगळं एमएम.

असाच बदल कोंबडीत दिसतो. लॅक्टेट डिहायड्रोजिनेज हे चार तुकड्यांचं एन्झाइम. अंड्यातल्या पिल्लाच्या छातीच्या स्नायूत त्याचा हृदयासारखा एच प्रकार जास्त असतो. पिल्लू बाहेर येण्याच्या सुमारास तिथे एम प्रकार वाढत जातो. कमी ऑक्सिजनवर झटक्यात पंख फडफडवायला तोच सोयीचा. हृदयात मात्र एचच राहतो. हे संशोधन १९६२ साली प्रसिद्ध झालं. उंदराच्या हृदयात तर उलट, आधी एम जास्त आणि नंतर एच. म्हणजे सगळ्या प्राण्यांना एकच नियम नाही.

आता भावाचा रिपोर्ट. त्याला ड्युशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी आहे. डिस्ट्रोफिन हे प्रोटीन नसल्याने स्नायू तुटत राहतात आणि सीके रक्तात गळतं. तुटल्या जागी नवे धागे येतात, आणि नवा धागा पुन्हा बालपणापासून सुरुवात करतो. म्हणून एमबी!

आजार मोठाच आहे, पण ते एमबी म्हणजे त्याच्या स्नायूंची धडपड होती. हे सांगितल्यावर मावशी त्या दिवशी पहिल्यांदा नीट जेवली.

तेव्हा मित्रांनो, रिपोर्टमधला एक आकडा बघून घाबरू नका, घाबरवूही नका. एन्झाइम कुठून आणि का आलं, ते डॉक्टरांना विचारा. शुद्धलेखनाच्या चुका माफ करा, माझं मराठी कॉन्व्हेंटचं आहे!