घर चौघांचं, कर्ज एकट्याचं

प्रश्न : धुळ्याच्या जुन्या भागातलं आमचं दुमजली घर वडिलांनी १९७८ मध्ये स्वकमाईतून घेतलं. सागवानी खांब, कोरीव चौकट, वर मातीचं धाबं. वडील २०१९ मध्ये गेले, मृत्युपत्र नाही. घरपट्टी आता माझ्या नावावर येते. कर्ज काढून घर नीट करावं आणि आईला घेऊन तिथंच राहावं, अशी इच्छा आहे. जळगावची बहीण आणि पुण्याचा भाऊ ‘खुशाल कर’ म्हणतात. एवढं पुरेसं आहे का?
– एक वाचक, धुळे

उत्तर : नाही. घरपट्टीची पावती म्हणजे मालकी नव्हे. मृत्युपत्र नसल्याने आई, तुम्ही, भाऊ आणि बहीण अशा चौघांचा त्या घरात प्रत्येकी पाव हिस्सा आहे. बहिणीचं लग्न झालं म्हणून तिचा वाटा कमी होत नाही. तुम्ही पदरचे दहा लाख घातलेत तरी तुमचा हिस्सा पावच राहील. म्हणून सुताराला बोलावण्याआधी नगर भूमापन कार्यालयातून मिळकत पत्रिकेचा उतारा काढा आणि चौघांचीही वारस नोंद करून घ्या.

भावंडांना खरोखरच हिस्सा नको असेल, तर दुय्यम निबंधकाकडे नोंदणीकृत हक्कसोडपत्र करा. साध्या स्टॅम्प पेपरवरच्या सहीने हक्क सुटत नाही. आईचा हिस्सा मात्र आईच्याच नावावर राहू द्या, असा माझा आग्रह आहे. उतारवयात तिचा तो हक्काचा आधार आहे. बहिणीला वाटा ठेवायचा असेल तर मनात किंतु न आणता खर्चाचा करारनामा करा : कोण किती घालणार, पुढे घर विकलं तर तो खर्च आधी कसा वळता होणार. कर्ज देताना बँकही बहुधा सर्व हिस्सेदारांच्या सह्या मागेल.

आता कामाबद्दल. धाब्यावर वर्षानुवर्षं माती पडत गेलेली असते आणि तो सगळा भार तुळयांवर येतो. तुळयांची टोकं भिंतीत जिथं शिरतात तिथं ओल आणि वाळवी आधी लागते, म्हणून तो भाग उघडून स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा. गिलावा, फरशी, रंग यांना सहसा परवानगी लागत नाही. पण धाबं काढून स्लॅब टाकायचा किंवा भार पेलणारी भिंत हलवायची, तर महापालिकेची परवानगी घ्यावीच लागेल. ‘निघालेलं लाकूड आम्ही नेतो, मजुरीत कमी करू’ असं ठेकेदार म्हणाला तर लगेच होकार देऊ नका. जुन्या सागाला चांगला भाव येतो. आधी मोजमाप करून त्याची किंमत करारात लिहून घ्या.

कराची सवलत मात्र तुटपुंजी आहे. राहत्या घराच्या दुरुस्ती-कर्जावरच्या व्याजाची वजावट जुन्या करप्रणालीत वर्षाला जास्तीत जास्त ३० हजार रुपये. दोन लाखांची मर्यादा घर घेण्या-बांधण्यासाठीच्या कर्जाला आहे. नव्या प्रणालीत राहत्या घराला यातलं काहीच मिळत नाही. तरीही बिलं जपा आणि पैसे बँकेतूनच द्या. पुढे घर विकताना भांडवली नफा काढायची वेळ आली, तर १ एप्रिल २००१ च्या बाजारमूल्यात तुमचा सुधारणेचा खर्च मिळवता येतो. नुसती रंगरंगोटी आणि डागडुजी त्यात धरत नाहीत.